पिठाला विरी आहे का?

बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, नळ कोणत्या दिवशी येतो ते, आणि सगळ्यात खाली : ‘भाकरी जमली नाही तर भात लावा. पण आत्यांना रात्री भात देऊ नका, खोकला होतो.’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी तीन महिने काढले.

घरात उरलो आम्ही तिघं. मी, लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. मुलगा, बी.एड. करून शिक्षक भरतीच्या जाहिरातीची वाट बघणारा. आणि माय, बायको जिला आत्या म्हणते ती, वय ८२. तिला दिसतं धूसर, पण कान अजून शाबूत आहेत. तिची बाज स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच. तव्यावर भाकरी पडल्याच्या आवाजावरून ती जाड झाली की पातळ, हे माय तिथूनच सांगते.

पहिला आठवडा शेजारच्या वहिनींच्या भाकरीवर निघाला. आठव्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. परातीत पीठ घेतलं, तांब्यातलं पाणी ओतलं, मळलं. गोळा तर झाला. थापायला लागलो तर कडेनं भेगा पडायला लागल्या. उचलली तेव्हा निम्मी हातात, निम्मी परातीत.

“पीठ कवाचं हाय?” बाजेवरून आवाज आला.

“घरचंच आहे.”

“कवाचं म्हनलं मी.”

वीस-बावीस दिवसांचं होतं. “मग विरी गेली की त्याची. पानी तर उकळून घेतलंस का?”

घेतलं नव्हतं.

विरी हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलो, त्याचा अर्थ कधी विचारला नाही. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, एकमेकाला धरून राहायची त्याची ताकद. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळं कणीक ताणली तरी तुटत नाही, लाटता येते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी थापायची. आता चिकटपणा आणायचा कुठून? उकळत्या पाण्यातून. ज्वारीतला स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. दिवाळीत आकाशकंदील चिकटवायला आपण खळ करतो, तीच ही गोष्ट. बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च निळाकाळा होतो हे मी किती पोरांना दाखवलं असेल, त्याची गणती नाही. पण तोच स्टार्च रोज संध्याकाळी माझ्या ताटात कुणीतरी उकळत्या पाण्यानं शिजवून, मळून, थापून ठेवत होतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून दोनच किलो दळून आणलं. फार दळायचं नाही, कारण ज्वारीच्या अंकुरात तेल असतं. पीठ पडून राहिलं की ते खवट होतं आणि भाकरी कडवट लागते. आधण आलेलं पाणी पिठाच्या मधोमध ओतलं, उलथन्यानं हलवलं, चटका सोसंल इतकं निवल्यावर तळव्याच्या मुळानं रगडलं. माय म्हणाली, “रगड. मळू नगंस, रगड.” यातला फरक लिहून कळणार नाही, मनगट दुखायला लागल्यावर कळतो. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग आरावर. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा यांच्यात वाफ कोंडते आणि ती फुगते. कुठं भेग असेल तर वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी पडल्या तोंडानं तशीच राहते. माझी पहिली फुगलेली भाकरी एकविसाव्या दिवशी झाली. मुलानं फोटो काढून पुण्याला पाठवला. तिकडून उत्तर आलं, ‘कड जाड आहे.’

आमच्याकडं संध्याकाळी “जेवायला काय आहे?” असं विचारत नाहीत, “कोरड्यास काय केलंय?” असं विचारतात. भाकरी धरलेलीच. तिच्यासोबत जे काही असेल, मग ते कितीही पातळ असो, ते कोरड्यास. या शब्दातच सगळा हिशेब आहे. भाकरी हे जेवण. बाकीचं ती घशाखाली उतरवायला.

आणि कोरड्यास म्हणजे बहुतेक रात्री वरण. लातूर जिल्ह्यात तूर नवी नाही. जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात ती बातमी वाचून मला हसू आलं. तूर, चिंच, कोथिंबीर : तिन्ही एका पातेल्यात घातली की आमचं रोजचं वरण होतं. मायला वाचून दाखवलं तर म्हणाली, “आन् लसनाला काईच नाई दिलं का?”

पण या वरणानंही मला रडवलं. एका संध्याकाळी कुकर लावताना विचार केला, नंतर परत कशाला चिंच घालत बसायची, आत्ताच टाकू. तीन शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या. झाकण काढलं तर डाळीचा दाणा न् दाणा सुटा, पाण्यात कवड्या पडल्यासारखा.

“चिंच आधी घातलीस ना?”

मायनं पातेलं बघितलं नव्हतं, रवी घुसळल्याचा आवाज तेवढा ऐकला होता. डाळ मऊ होते कारण तिच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळतं. आंबट पाण्यात ते लवकर विरघळत नाही. म्हणून डाळ शिजून घोटल्यावरच चिंच. जड पाण्याचंही तसंच. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही; त्यातला चुना पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो आणि डाळ शिजता शिजत नाही. माय सांगते, तिच्या सासरच्या गावात प्यायचं पाणी एका विहिरीचं आणि डाळीचं पाणी दुसऱ्या विहिरीचं असायचं. लांबच्या विहिरीवरून एक घागर खास डाळीसाठी यायची. मी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार फळ्यावर लिहिले, तिनं घागर डोक्यावर वाहिली.

ज्वारी आणि तूर एकत्र खायची यातही शहाणपण आहे. ज्वारीत शंभर ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तूरडाळीत २२. पण नुसता आकडा पुरत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते डाळीत भरपूर. डाळीत जे कमी असतं ते ज्वारी देते. वाटीभर वरणात भाकरी कुस्करून खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला औषधाच्या दुकानातल्या प्रोटीनच्या डब्याची गरज कमी पडते, असं माझं मत. डॉक्टरांना विचारून घ्या, मी मास्तर आहे.

पण रोज वरण म्हटल्यावर मुलगा कंटाळला. “पप्पा, काहीतरी झणझणीत करा.” घरात माळवं काहीच नव्हतं, आठवडी बाजाराला दोन दिवस होते. पुण्याला फोन लावला. बायको म्हणाली, “अहो, वरच्या फळीवरचे डबे उघडलेत का?”

उघडले नव्हते. एकेक खाली काढला. पहिल्यात काळं तिखट. दुसऱ्यात येसर. मग शेंगदाण्याची चटणी, कारळाची, जवसाची. कुरडया, खारोड्या, आणि जुन्या ओढणीत बांधलेली हरभऱ्याची वाळवलेली भाजी. येसर या नावाखाली गावागणिक वेगळी वस्तू निघते. कुणाकडं काळ्या मसाल्यालाच येसूर म्हणतात. आमच्या घरचं येसर म्हणजे धान्य आणि डाळी खरपूस भाजून, धने-जिरे-मिरची घालून दळलेलं पीठ. बायको फोनवर सांगत गेली, मी करत गेलो. तेलात लसूण लाल केला, चमचाभर काळं तिखट टाकलं आणि ते जळायच्या आत पाणी. वाटीत येसर गार पाण्यात कालवून त्यात ओतलं, म्हणजे गाठी होत नाहीत. मीठ, चिंच, गुळाचा खडा. दहा मिनिटांत आमटी. धान्य भाजताना निम्मं शिजलेलं असतं, म्हणून तिला फक्त उकळी पुरते. दुकानात ‘दोन मिनिटांत तयार’ लिहिलेली पाकिटं मिळतात, त्यांचा आमच्या घरी आधीपासूनच डबा होता, फक्त त्यावर लेबल नव्हतं.

त्या रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आपण ज्याला साधं जेवण म्हणतो ते साधं नाहीच. संध्याकाळी साडेसातला अर्ध्या तासात ताटं वाढली जातात, त्याचं कारण निम्मा स्वयंपाक मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर झालेला असतो. दहा महिन्यांपूर्वी कुणीतरी खोबरं भाजताना खोकलेलं असतं. मी ३१ वर्षं संध्याकाळी हातपाय धुऊन ताटावर बसलो आणि समजलो, घरात साधंच तर असतं सगळं.

दगडफुलाचीही गंमत सांगतो. बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात, सहजीवनाचं उत्तम उदाहरण म्हणजे दगडफूल, हे मी पुस्तकातल्या चित्रावर काठी ठेवून शिकवत आलो. नमुना दाखवायला मिळत नाही म्हणून हळहळायचोही. तो नमुना माझ्याच स्वयंपाकघरात, काळ्या तिखटाच्या सामानात, दोन रुपयाच्या पुडीत होता.

पौषाच्या तोंडावर येळवस आली. दर्शवेळा अमावास्या म्हणतात पुस्तकात, लातूर-धाराशिवकडं येळवस. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. भज्जी, आंबील, उंडे, खीर. आम्हाला शेजाऱ्यांनी त्यांच्या शेतात नेलं. भज्जी म्हणजे तुरीचे, वाल-वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताला येतील त्या भाज्या, बेसन लावून, चिंच घालून शिजवलेली. कडब्याच्या कोपीजवळ बसून खाल्ली. मायला गाडीतून उतरवलं तेव्हा तिनं पहिल्यांदा जमिनीला हात लावला आणि विचारलं, “इथं जवारी कुठाय?”

नव्हती. हरभरा होता. आमच्या तालुक्यात खरिपात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, त्यानंतर हरभरा. आमचं तीन एकर बटईनं दिलंय, तिथंही तेच. मी त्याला नावं ठेवणार नाही. पैसा त्यातच आहे आणि ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. पण घरात सोयाबीनची पोती थप्पीला लागलेली आणि भाकरीची ज्वारी आडतीवरून विकत, हे चित्र जरा विचित्रच. सोयाबीन आम्ही पिकवतो, विकतो, आणि त्याचं तेल पिशवीतून परत आणतो. त्याचं कोरड्यास होत नाही.

मायला ज्वारीची ओढ का, ते वेगळंच आहे. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. “लाल भाकर,” ती म्हणते, “गुरांनाबी नगं वाटायची. पन लेकरं जगली.” त्या लेकरांत मी होतो. म्हणून आजही माझी भाकरी करपली, मोडली, वाकडी झाली तरी ती टाकू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन माझ्यापुढंच ठेवायला लावते.

हिवाळ्यात बाजारात करडईची कोवळी भाजी आली, हरभऱ्याचे शेंडे आले. घोळाणा मी एका दिवसात शिकलो, कारण त्यात शिजवायचं काहीच नाही. मेथीची किंवा करडईची पानं चिरायची, कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, वर कच्चं गोडेतेल. मुलगा म्हणाला, “हे तर सॅलड आहे.” माय म्हणाली, “काय हाय?” तिला सांगितलं. “तसलं काई नगं, घोळाना दे.”

बायको माघी पौर्णिमेनंतर परत आली. नातीचे फोटो दाखवून झाले आणि ती सरळ पिठाच्या डब्याकडं गेली. चिमूट घेतली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली. काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “भाकरी तुम्हीच करा आता, मला कोरड्यास करू द्या.” तेव्हापासून तेच चाललंय.

एप्रिलात काळं तिखट करायचं निघालं. या वेळी मीही गच्चीवर होतो. मिरच्यांची देठं काढली, दोन दिवस डोळ्याला हात लावता येत नव्हता. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर. धने, तीळ, खसखस, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, एकेक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाची करपायची वेळ वेगळी. कांदा वाळवून तळायचा. खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत, पण जळू न देता. मसाल्याचा काळा रंग बराचसा तिथून येतो. बायकोनं खोबरं स्वतःकडं ठेवलं, मला फक्त धने दिले.

कांडपावर माझा नंबर सतरावा होता. बाकी सोळा बायका. एकीनं विचारलं, “सर, म्याडम कुठं गेल्या?” दुसरी म्हणाली, “रुमाल बांधा तोंडाला.” बांधला, तरी शिंकून शिंकून डोकं भणभणलं. चार वाजता गरम डबा घेऊन घरी आलो, झाकण उघडलं.

बाजेवरून मायनं एक मोठा श्वास घेतला.

“खोबरं जरा कमी भाजलंय.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं, आणि मी पाणी प्यायला आत निघून गेलो.