दुसऱ्या घरी आलेला पोपट

आफ्रिकन ग्रे पोपट चांगल्या देखभालीत चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. तेवढ्या काळात माणसांची गावं बदलतात, आजारपणं येतात, आणि पिंजरा दुसऱ्याच्या घरी जातो. मग नवे मालक चक्रावतात. हा पक्षी घरात नसलेल्या कुणालातरी हाक मारतो, कुणाचातरी खोकला काढतो, सांजवेळी किंचाळतो, छातीची पिसं उपटतो. ‘वेडा आहे’ म्हणून यातलं काहीही सोडून देऊ नये.

खोकला समजायला सोपा. पोपट आवाज शिकतात ते आपल्या थव्यात राहण्यासाठी. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या पोपटजातीवर कार्ल बर्ग यांनी केलेलं संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथली पिल्लं आपली ओळख सांगणारी हाक आईवडिलांकडून उचलतात, असं त्यात दिसलं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा थवा म्हणजे घरातली माणसं. जुन्या घरातले आवाज तो बरोबर घेऊन येतो, आणि नवे शिकला तरी ते विसरेलच असं नाही.

पिसं उपटणं जास्त गंभीर. आधी डोकं पाहावं. तिथे स्वतःची चोच पोहोचत नाही, म्हणून उपटणाऱ्या पक्ष्याचं धड उघडं पडतं आणि डोकं भरलेलं राहतं. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर विषाणूचा आजार किंवा सोबतचा पक्षी, असा संशय घ्यावा. धडच उघडं असलं तरी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जावंच: त्वचेचा संसर्ग असू शकतो, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढल्याने अ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं, पिंजऱ्याचं जस्त पोटात गेलेलं असू शकतं.

तपासण्यांत काही सापडलं नाही, तर पक्ष्याचा दिवस कसा जातो ते पाहावं. रानातला पोपट अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात तासन्‌तास घालवतो. घरी वाटी समोर येते आणि थोड्याच वेळात जेवण उरकतं. चोचीला काम उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अॅमेझॉन जातीच्या तरुण पोपटांचे दोन गट केले. एका गटाला खटपट करून अन्न मिळवायला लावलं, शिवाय पिंजऱ्यात चढायला-कुरतडायला वस्तू दिल्या. दुसऱ्याला साधा पिंजरा. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं बिघडत गेली, आणि त्यांनाही तशीच सोय दिल्यावर सुधारली. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे 2021 मध्ये अनेक जातींची तुलना झाली, तेव्हा रानात कठीण कवचाचं अन्न फोडून खाणाऱ्या जातीच बंदिवासात पिसं जास्त उपटतात, असं आढळलं. मला हा पुरावा फार बोलका वाटतो.

मालकाच्या हातावर घास ओकणं आणि कपाटाच्या खणात शिरून कागद फाडणं ही वीण जवळ आल्याची लक्षणं. अशा वेळी पाठ कुरवाळू नये, खण बंद ठेवावा. किंचाळणं थांबवायला धावत जाऊ नये. धावून जाणं हेच त्याचं बक्षीस ठरतं. तो शांत असताना, साधी शीळ घालताना जवळ जावं.

आणि पिसं उपटणाऱ्या चोचीला काम मिळावं म्हणून शेंगदाणे वाटीत न देता कागदात गुंडाळून द्यावेत. पिसांची मुळं कायमची दुखावली असतील तर छाती उघडीच राहील. पुड्या सोडवण्यात त्याची सकाळ जाऊ लागली, तर पिसांवाचूनही तो सुधारतो आहे असं समजावं.