लातूर व नांदेड येथील घरांच्या किमतीची घडण

लातूर शहरात घर अथवा प्लॉट पाहावयास निघालेल्या मनुष्यास एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : येथील जागेची किंमत कधी उतरत नाही. नोकरदारांची व शेतकऱ्यांची कित्येक कुटुंबे आयुष्यभराची शिल्लक याच विश्वासावर गुंतवितात. त्यामुळे या समजुतीची अर्थशास्त्रीय छाननी होणे अवश्य आहे.

प्रथम किंमत म्हणजे कोणती, हे ठरवावे लागते. खरेदीखतावरील आकडा हाच बाजारभाव समजून अभ्यासकाने पुढे जाणे धोक्याचे होय. मुद्रांकशुल्क हे करारातील मोबदला आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. साहजिकच नोंदविलेल्या आकड्याचा कल तक्त्याकडे असतो व प्रत्यक्ष देवघेवीविषयी तो फारसे बोलत नाही. त्यापेक्षा घरभाड्याचा माग घेणे अधिक फलदायी ठरते.

लातुरातील भाड्याचे स्वरूप काहीसे आगळे आहे. बारावीच्या व वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाच्या परीक्षांतील यशामुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले आणि बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येथे राहावयास येऊ लागले. महाविद्यालये व शिकवण्यांच्या परिसरात खोली न देता खाट भाड्याने देण्याचा, म्हणजेच 'कॉट बेसिस'चा, प्रघात पडला. याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका घरास कुटुंब दरमहा ८,००० रुपये भाडे देते. वर्षाचे ९६,००० रुपये झाले. त्याच घरात आठ विद्यार्थी प्रत्येकी २,५०० रुपयांप्रमाणे वर्षातील दहा महिने राहिले, तर २ लाख रुपये मिळतात. मालकास शेकडा ४ उत्पन्न पुरेसे वाटते असे धरल्यास पहिल्या भाड्यावरून घराचे मूल्य २४ लाख, तर दुसऱ्यावरून ५० लाख ठरते. विटा त्याच, भिंती त्याच. मधले २६ लाख विद्यार्थ्यांच्या येण्याने निर्माण झालेले आहेत. जागा महाग झाली म्हणून खाटेचे भाडे वाढवावे लागते, असे घरमालक सांगतो. खरा क्रम उलटा आहे. धान्य महाग होते म्हणून जमिनीचा खंड चढतो, खंड चढतो म्हणून धान्य महाग होत नाही, हा रिकार्डोचा सिद्धांत येथे जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो.

विद्यार्थी हा भाडेकरू मालकास प्रिय असण्याचे आणखी एक कारण कायद्याच्या इतिहासात सापडते. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा दीर्घकाळ लागू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आल्यावर तो संपुष्टात आला. एकदा शिरलेला भाडेकरू निघत नाही, ही भीती मात्र कायद्याबरोबर गेली नाही. बारावी झालेला मुलगा आपण होऊन निघून जातो!

बांधकामाच्या मूल्याची कथा निराळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार हेच हजारो माणसांच्या मृत्यूचे कारण ठरले. सुमारे पन्नास गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. लातूर शहर त्या संहारातून वाचले. तथापि उन्हाळ्यात गारवा देणारी जी भिंत घराचे वैभव होती, तीच लोकांना भयकारक वाटू लागली. जुन्या वाड्याची किंमत आज बहुतांशी त्याखालील जागेची, आणि फार तर उतरवून विकता येणाऱ्या सागवानाची, असे म्हणावयास हरकत नाही.

जागेच्या मूल्यालाही एक आधार लागतो, आणि तो म्हणजे पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आणावे लागले. ज्या मालकाचे मूल्य भाड्यावर उभे आहे, त्याला अशा वर्षी टँकरचा खर्च सोसावा लागतो. भाडेकरूला मात्र गावी परत जाता येते. घर कोठेही जाऊ शकत नाही.

नांदेडची स्थिती या बाबतीत वेगळी आहे. तेथे गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी शहराच्या निकट आहे. शिकवण्यांचा व्यवसाय तेथेही वाढलेला असला, तरी मागणीचा भार केवळ त्यावर नाही. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे यात्रेकरूंची वर्दळ वर्षभर असते. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरात रस्ते व इतर सोयींवर मोठा सार्वजनिक खर्च झाला. अशा खर्चाने रस्त्यालगतच्या खाजगी जमिनीचे मूल्य वाढते आणि त्या वाढीचा मोठा वाटा मालकाकडेच राहतो. या प्रश्नाचा नांदेडपुरता स्वतंत्र अभ्यास होण्यासारखा आहे.

आता मूळ समजुतीकडे वळू. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शिकवण्या बंद झाल्या व खाटा रिकाम्या पडल्या. अशा वेळी भाडे शून्यावर येते, पण मालक किंमत उतरविण्याऐवजी विक्रीच थांबवितो. व्यवहार विरळ असलेल्या बाजारात मागितलेली किंमत कायम राहते, फक्त तिला गिऱ्हाईक नसते. ज्याला थांबणे परवडते, त्याच्या दृष्टीने किंमत खरोखरच उतरत नाही. घरातील आजारपणामुळे किंवा मुलीच्या लग्नासाठी ज्याला त्याच महिन्यात विकणे भाग असते, त्याला जी रक्कम मिळते तीच त्या क्षणीची बाजारभावाची खरी नोंद होय. आणि ती चारचौघांत सहसा कोणी सांगत नाही.