तीस हजार टन आणि सव्वीस विमानं

कोहक्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. भिलाईच्या या वस्तीला ओळखीचा आहे तो पोलाद कारखाना, सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला, 1959 पासून धगधगणारा बीएसपी, म्हणजे भिलाई स्टील प्लांट. हा कारखाना रेल्वेसाठी 260 मीटर लांबीचे रूळ तयार करतो. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका 262 मीटर लांब आहे. भिलाईचा एक रूळ तिच्या डेकवर लांबीच्या दिशेने ठेवला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पुरेल. पण नातं एवढ्या योगायोगाचं नाही. या नौकेला लागलेलं सुमारे 30,000 टन खास पोलाद ‘सेल’च्या (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांनी पुरवलं. परदेशी पोलादावर विसंबून युद्धनौका बांधता येत नाही हे उमगल्यावर हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि सेलने मिळून ‘डीएमआर-249’ हा पोलादाचा प्रकार सिद्ध केला.

त्याची परीक्षा पाहण्यासारखी असते. प्लेटमधून बोटाच्या दोन पेरांएवढा, सेंटीमीटरभर जाडीचा तुकडा कापतात, मधोमध बारीक खाच पाडतात, तो शून्याखाली 60 अंशांपर्यंत गार करतात आणि लंबकासारखा झुलणारा जड हातोडा त्यावर सोडतात. साधं पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखं तडकतं. हे आधी वाकतं, ताणलं जातं, मग तुटतं. तुकडा मोडताना हातोड्याचा किती जोर खर्ची पडला, यावर प्लेट पास की नापास ते ठरतं. पाण्याखाली स्फोट झाला तर नौकेची कातडी फाटेल, पण ठिकऱ्या होणार नाहीत, हा भरवसा त्या एका घावातून मिळतो.

एवढं करून समुद्रावर हवाई दल तयार होतं का? अजून नाही. विक्रांतला सुमारे 20,000 कोटी रुपये लागले. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेल-एम विमानांचा करार झाला, तो 63,000 कोटींच्या घरातला. त्यात शस्त्रं, प्रशिक्षण आणि देखभालही धरलेली आहे. तरीही सव्वीस विमानं नौकेच्या तिप्पट महाग पडतात, हा हिशेब डोळे उघडणारा आहे. आपण सोहळे करतो ते नौकेच्या जलावतरणाचे. पैसा खरा जातो तो तिच्यावरून उडणाऱ्या यंत्रांवर आणि ती उडती ठेवण्यावर. ‘कॅग’च्या 2016 च्या अहवालानुसार नौदलाच्या मिग-29के या नौकेवरच्या विमानांची उपलब्धता कधी सोळा, तर कधी अडतीस टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे कागदावर शंभर विमानं असती, तरी उड्डाणाला चाळीसही मिळाली नसती. हवाई सामर्थ्य मोजायचं ते उद्या सकाळी किती विमानं झेपावतील यावरून.

मग गरिबीत हा हट्ट कशाला, असा प्रश्न रास्त आहे. 1971 च्या युद्धाने दिलेलं उत्तर अजून जुनं झालेलं नाही. याच नावाच्या जुन्या, पहिल्या विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते, वेग घटला होता, ती बाहेर काढावी की नाही याची चिंता होती. तरीही 4 डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजारवर हल्ला झाला. पुढे चितगावही माऱ्यात आलं. अपुऱ्या साधनांनीही पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग आवळता आला, कारण विमानं नौकेसोबत तिथवर पोचली होती.

आक्षेप तीन आहेत आणि तिन्हींत दम आहे. पहिला क्षेपणास्त्रांचा. मोठी नौका म्हणजे मोठं लक्ष्य, हे खरं. पण किनाऱ्यावरची धावपट्टी नकाशावर कायमची खिळलेली असते. नौका अर्ध्या तासात पंचवीस किलोमीटर सरकते, म्हणजे शत्रूला जवळजवळ दोन हजार चौरस किलोमीटर पाणी धुंडाळावं लागतं. उपग्रहांनी हा शोध सोपा केला आहे, संरक्षक नौकांचा ताफा खर्चिक आहे, तरी लपाछपीत फिरणारा खिळलेल्यापेक्षा बरा. दुसरा आक्षेप किनाऱ्यावरच्या विमानांचा. जवळच्या समुद्रापुरता तो मला पूर्ण मान्य आहे. तिथे हवाई दल स्वस्तात काम करेल. दूरवर मात्र हवेत इंधन भरावं लागतं, आणि हवाई दलाकडे त्यासाठीची आयएल-78 विमानं फक्त सहा आहेत. तिसरा पाणबुड्यांचा: त्याच पैशात त्या घ्याव्यात. पाणबुडी शत्रूला समुद्र नाकारते, पण आपल्या तेलवाहू जहाजांवर आकाशातून छत्र धरणं तिला जमत नाही. पाणबुड्याही हव्यातच, एकीचं काम दुसरीकडून होत नाही, इतकंच.

म्हणून क्रम बदलावा असं मला वाटतं. आधी विमानं, सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती. त्यानंतर नौका, आणि तीही 65,000 टनांचं स्वप्न न पाहता, आहे त्याच 45,000 टनांच्या आराखड्यावर. विक्रांत किंवा दुसरी विमानवाहू नौका विक्रमादित्य यांतली एक गोदीत गेली की देशाकडे एकच उरते, म्हणून आणखी एका नौकेची मागणी चैनीची नाही. शिवाय कारखान्याची बाजू आहे. भिलाईला रूळ रोज लागतात. खास प्लेटची मागणी येते तेव्हा येते, नाही तर वर्षानुवर्षं येत नाही. विक्रांतसाठी पोलाद कापायला सुरुवात झाली 2005 साली, आणि ती नौदलात दाखल झाली 2 सप्टेंबर 2022 ला. 2005 साली पस्तिशीत असलेला, स्लॅब किती तापवायचा आणि प्लेट कधी दाबायची हे हाताने शिकलेला माणूस 2030 मध्ये साठीला पोचेल आणि सेलमधून निवृत्त होईल. पुढची ऑर्डर त्याआधी निघाली, तर नव्या माणसाला तो हे मिलमध्ये उभं राहून दाखवू शकेल.