घरपट्टीच्या मागणींतील चुका व त्यांची दुरुस्ती

ग्रामपंचायतीकडून घरपट्टीचें मागणीबिल हातीं आलें कीं, आपल्यांतील पुष्कळांची रीत ठरलेली असते. रक्कम नेहमींच्या सुमाराची असेल तर बिल न वाचतांच ती भरावयाची, आणि एकाएकीं फुगलेली असेल तर चावडीवर त्रागा करून बिल कोनाड्यांत ठेवून द्यावयाचें. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. चुकीची रक्कम मुकाट्यानें भरली, तर पुढील वर्षीं तीच चूक पुन्हां दारीं येते. बिल बाजूस ठेविलें, तर तीच रक्कम थकबाकी म्हणून डोक्यावर बसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यांत आधीं बिल, मग मागणीचा लेखी हुकूम आणि त्यानंतर जंगम मालमत्तेची जप्ती असा वसुलीचा क्रम सांगितला आहे. म्हणून चूक कोठें शोधावी व ती कोणाकडून दुरुस्त करून घ्यावी, याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. बिल ही केवळ नक्कल आहे. तिचें मूळ पंचायतीच्या दफ्तरांत असतें. घराचें माप, बांधणी, वापर व कराची आकारणी नमुना ८ मध्यें लिहिलेली असते. चालू मागणी व मागील बाकी नमुना ९ मध्यें असते. त्यांवरून नमुना ९-क, म्हणजे आपल्या हातीं येणारें बिल, तयार होतें. आणि पैसे भरल्यावर नमुना १० ची पावती मिळते. यास्तव बिलावरील आंकडा खोडून नवा लिहून घेतला, तरी वहींतील चूक तशीच राहते. दुरुस्ती वहींत झाली पाहिजे.

नमुना ८ मधील चुकांत मापाची चूक सर्वांत महाग पडते. करविषयक नियमांत डिसेंबर २०१५ मध्यें सुधारणा होऊन आकारणी इमारतीच्या भांडवली मूल्यावर होऊं लागली. त्या हिशेबांत क्षेत्रफळ चौरस मीटरांत धरलें जातें, पण आपण घर मोजतों फुटांत. चाळीस फूट लांब व पंचवीस फूट रुंद घराचें क्षेत्रफळ १,००० चौरस फूट, म्हणजे सुमारें ९३ चौरस मीटर होतें. तोच १,००० चा आंकडा मीटरांच्या रकान्यांत पडला, तर कर जवळजवळ पावणेअकरा पट होतो! दुसरी चूक बांधणीची. दगडमातीचें घर आर. सी. सी. इमारतींत दाखल झालें, कीं दर बदलतो. पडलेलें घर उभें दिसणें, राहतें घर दुकान म्हणून लागणें, वांटणीनंतर एकच घर दोघां भावांच्या नांवें चढणें, अशाही चुका होतात.

नमुना ९ मध्यें बहुधा बाकीची चूक असते. भरलेली रक्कम जमा न होतां पुढें ओढली जाते, अथवा सारख्या नांवाच्या दुसऱ्याच्या खात्यावर पडते. अशा वेळीं पावतीवांचून दुसरा पुरावा उपयोगीं पडत नाहीं. घरांतील पावत्या वर्षवार एका दोऱ्यांत ओंवून ठेवाव्या, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

चूक आढळतांच नमुना ८ व ९ चे उतारे मागून घ्यावे. ते मिळण्यास अडचण आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यान्वयें अर्ज करतां येतो. नंतर घर स्वतः फीत धरून मोजावें व ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जांत मिळकत क्रमांक, चुकीची नोंद, बरोबर नोंद व तिचा आधार इतकेंच असावें. रागाचे शब्द नसावे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोंच घ्यावी. वादांत नसलेली रक्कम भरण्याची तयारी त्याच अर्जांत लिहावी, म्हणजे हेतूविषयीं शंका उरत नाहीं. पंचायतीनें दाद न दिल्यास कर-आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील चालतें. त्यास मुदत असते; तोंडी आश्वासनावर विसंबून ती दवडूं नये.

शेतसाऱ्यासही हाच न्याय लागू आहे. सातबारा अथवा आठ-अ यांतील हस्तदोष दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्यें आहे. त्यासाठीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. मूळ नोंद चुकली म्हणजे काय होतें, हें आपल्या प्रांतानें फार पूर्वीं पाहिलें आहे. इ. स. १८३० च्या सुमारास प्रिंगल साहेबांच्या मोजणीवर पुणें भागांत सारा बसविला गेला. ती मोजणी सदोष होती व आकारणी रयतेस झेपेना. अखेर १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांस इंदापूर तालुक्यांत मोजणी व आकारणीचें काम नव्यानें करावें लागलें. बिघाड मुळाशीं असल्यानें वरवरच्या सुटीनें काम भागलें नाहीं.

पंचायत आपलीच आहे, आणि गांवचे दिवे व नळ याच करावर चालतात. खरा कर वेळेवर देणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु खोट्या आंकड्यावर गप्प बसणें हें त्या कर्तव्यांत येत नाहीं. फेरआकारणीच्या वेळीं यादी प्रसिद्ध होऊन हरकती मागविल्या जातात. त्या वेळीं प्रत्येकानें आपली ओळ स्वतः वाचावी, आणि शेजारच्या निरक्षर वृद्धाची ओळही त्यास वाचून दाखवावी. त्या दिवशीं अर्धा तास घातला, तर पुढील खेटे वांचतात.