गठ्ठे हलवण्यापेक्षा कारकूनच दप्तरखान्यात

साठीच्या पुढचे आणि मधुमेह असलेले रुग्ण किती? हा प्रश्न रुग्णनोंदींच्या मोठ्या डेटाबेसला विचारला, तर संगणकाला करायचे काम तसे किरकोळ असते. प्रत्येक नोंदीत वय साठपेक्षा जास्त आहे का आणि मधुमेहाची खूण आहे का, एवढेच पाहायचे. तरीही नोंदी काही कोटी असतील तर उत्तराला वेळ लागतो. हा वेळ हिशेब करण्यात जातो असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ, आणि विजेचाही मोठा वाटा, नोंदी मेमरीतून प्रोसेसरपर्यंत वाहून नेण्यात खर्च होतो.

याचे मूळ संगणकाच्या रचनेत आहे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडलेल्या आराखड्यात हिशेब करणारा भाग वेगळा आणि माहिती साठवणारा भाग वेगळा होता. आजचे बहुतेक संगणक त्याच धर्तीवर चालतात. साहेबांची कचेरी एका इमारतीत, दप्तरखाना दुसऱ्या इमारतीत आणि एक आकडा पाहायचा तरी शिपायाने सगळे गठ्ठे टेबलावर आणून टाकायचे, असा हा प्रकार. जॉन बॅकस यांनी १९७७ साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात या दोन भागांमधल्या चिंचोळ्या वाटेवरच बोट ठेवले होते. पुढे प्रोसेसर झपाट्याने वेगवान झाले, पण मेमरीतून माहिती हाती येण्याचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही.

शिवाय मेमरीकडून सुटा माल मिळत नाही. प्रोसेसरला वयाचा एकच बाइट हवा असला, तरी बहुतेक संगणकांत ६४ बाइटचा अख्खा तुकडा येतो. या वाहतुकीची किंमत विजेच्या रूपात मोजावी लागते. दोन संख्यांची बेरीज करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या शेकडो पट ऊर्जा त्या संख्या मेमरीतून आणायला लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठ, गूगल आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी २०१८ साली ब्राउझर, व्हिडिओ अशा रोजच्या वापरातल्या कामांचा अभ्यास केला. तेव्हा यंत्रणेच्या एकूण ऊर्जेपैकी सरासरी ६२.७ टक्के ऊर्जा फक्त माहितीच्या ने-आणीत जात असल्याचे आढळले.

मग कारकुनालाच दप्तरखान्यात बसवले तर? ग्रेनोबल येथील ‘अपमेम’ या फ्रेंच कंपनीने २०१९ साली नेमकी अशी मेमरी जगापुढे मांडली. तिच्या ८ गिगाबाइटच्या एका पट्टीत १२८ छोटे प्रोसेसर आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ मेगाबाइट माहिती येते. मुख्य प्रोसेसर फक्त प्रश्न पाठवतो. प्रत्येक छोटा प्रोसेसर आपल्या वाट्याच्या नोंदी जागेवरच चाळतो आणि केवळ आकडा परत पाठवतो. कोट्यवधी नोंदींऐवजी काही आकडेच तारांवरून प्रवास करतात.

दुसरा मार्ग याहून पुढचा आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे विवेक सेशाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘अँबिट’ ही पद्धत मांडली. तिच्यात वेगळा प्रोसेसरही लागत नाही. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर. त्यात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. अशा तीन ओळी एकाच वेळी उघडल्या, की प्रत्येक जागी तिघांत ज्यांचे बहुमत तो बिट उरतो. तिसऱ्या ओळीत आधीच सगळीकडे ० भरून ठेवले, तर उरलेल्या दोन्ही ओळींत १ असेल तिथेच उत्तर १ येते. एका ओळीत ‘साठीपुढचे’ आणि दुसरीत ‘मधुमेही’ अशा खुणा असतील, तर दोन्ही अटी पूर्ण करणारे रुग्ण या एकाच क्रियेत वेगळे होतात. आठ किलोबाइटच्या ओळीत ६५,५३६ बिट मावतात, म्हणजे तेवढ्या रुग्णांची छाननी एका दमात होते. संशोधकांनी संगणकीय प्रारूपावर तपासले तेव्हा अशा खुणांवर चालणारी डेटाबेसची कामे ३ ते ७ पट वेगाने झाली.

मात्र प्रत्येक काम असे सुटत नाही. चाळणे, मोजणे, बेरीज करणे इथे फायदा मोठा असतो. रुग्णांची यादी एका तक्त्यात आणि औषधांची दुसऱ्या तक्त्यात असेल, दोन्हींची सांगड घालायची असेल, तर अडचण येते. अपमेमच्या पट्टीतले छोटे प्रोसेसर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. निरोप मुख्य प्रोसेसरमार्फतच जातो आणि टाळलेली ने-आण परत सुरू होते. ते मोठ्या संख्यांच्या गुणाकारातही मंद आहेत. कारण मेमरीची चिप स्वस्तात भरपूर साठवण्यासाठी घडवलेली असते आणि त्या प्रक्रियेत वेगवान गणिती मंडले बनवणे कठीण जाते.

मेमरीतच हिशेब करण्याची कल्पना हॅरल्ड स्टोन यांनी १९७० साली मांडली होती. ती अर्धशतक मागे राहिली त्याचे एक कारण हेच. तेव्हा प्रोसेसर दर काही वर्षांनी आपोआप वेगवान होत असल्याने निकडही नव्हती. आता तो वेग मंदावला आहे, माहितीचे साठे फुगत आहेत आणि डेटा सेंटरचे विजेचे बिल वाढते आहे. त्यामुळे मोठे उत्पादकही या वाटेला लागले. सॅमसंगने २०२१ मध्ये आणि एसके हायनिक्सने २०२२ मध्ये गणनक्षम मेमरी जाहीर केली. त्यांचा भर मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे.

डेटाबेससाठी पुढचे काम सॉफ्टवेअरचे आहे. कोणती नोंद कोणत्या चिपमध्ये ठेवायची, कोणता प्रश्न मेमरीकडे पाठवायचा आणि कोणता मुख्य प्रोसेसरकडेच राहू द्यायचा, हे त्याला ठरवावे लागेल. सांगड घालण्याच्या कामात जी माहिती नेहमी एकत्र लागते, ती सुरुवातीलाच शेजारी ठेवली, तर नंतरच्या फेऱ्या वाचतात.