मायसेनचे पांढरे प्राणी

जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात झ्विंगर नावाचा राजवाडा आहे. तिथल्या पोर्सिलेन संग्रहालयात एक शेळी बसलेली आहे आणि तिचे करडू तिला लुचते आहे. लांबी अर्ध्या मीटरहून जास्त, अंगावर केसांच्या लांब बटा, रंग मात्र अजिबात नाही. सगळे काम पांढऱ्या, चकाकत्या पोर्सिलेनचे. बसलेल्या शेळीच्या अंगाचा सैलावलेला भार आणि पिताना करडाच्या मानेला आलेला ताण इतका नेमका आहे, की शेळ्या पाळणाऱ्या कुणालाही तो बघताक्षणी पटेल. हे काम १७३२ सालचे. करणारा योहान योआखिम केंडलर तेव्हा जेमतेम पंचविशी ओलांडलेला होता, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत त्याने या मातीला हातही लावला नव्हता.

आपल्याकडच्या शोकेसमध्ये चिनी मातीचे कुत्रे, बदके, हरणांच्या जोड्या असतात. चीनमध्ये असे प्राणी फार पूर्वीपासून होत आले. पण युरोपच्या बाजूने त्यांचे कूळ शोधत गेले, की वाट मायसेन या गावी आणि तिथे ४४ वर्षे काम केलेल्या या एका शिल्पकारापाशी येते.

मायसेनचा कारखाना एका राजाच्या वेडातून उभा राहिला. सॅक्सनीचा सत्ताधीश (इलेक्टर) आणि पोलंडचा राजा ऑगस्टस (‘बलवान’ ही त्याची पदवी) स्वतःच्या पोर्सिलेनच्या नादाला आजार म्हणत असे. १७१७ साली त्याने आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात चिनी पोर्सिलेनची १५१ भांडी व फुलदाण्या घेतल्या. त्या मोठ्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांना आजही सैनिकांच्याच नावाने ओळखतात. माणसे देऊन बरण्या घेणाऱ्या राजाचे कौतुक मला करवत नाही. पण त्या वेळी पोर्सिलेन किती दुर्मीळ होते, हे या व्यवहाराइतके दुसऱ्या कशातूनही कळत नाही. ही पांढरी, कठीण, प्रकाश आरपार जाऊ देणारी वस्तू चीन-जपानमधून यायची आणि ती कशी करतात, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपात कुणाला ठाऊक नव्हते. शेवटी सोने करून दाखवतो म्हणणारा योहान फ्रीडरिश ब्योटगर हा तरुण किमयागार राजाने कैदेत ठेवला आणि विद्वान चिर्नहाउसच्या देखरेखीखाली कामाला लावला. सोने झाले नाही, पण पोर्सिलेन झाले. १७१० साली कारखान्याची घोषणा झाली आणि गुपित बाहेर जाऊ नये म्हणून तो मायसेनच्या टेकडीवरच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात बसवला गेला. ब्योटगर १७१९ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला.

या दरबाराचे डोळे कायम पूर्वेकडे लागलेले असत. सोनार डिंगलिंगर याने १७०१ ते १७०८ या काळात ऑगस्टससाठी सोने, मीनाकारी आणि हिऱ्यामाणकांतून औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार घडवला. शंभराहून जास्त इवल्या आकृत्यांचा तो देखावा ड्रेस्डेनमध्ये आजही आहे. ज्या वर्षांत जर्मनीत हा रत्नजडित औरंगजेब सिंहासनावर बसवला जात होता, त्याच वर्षांत खरा औरंगजेब पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा अशा किल्ल्यांपुढे तंबू ठोकून मराठ्यांशी झगडत म्हातारा होत होता. १७०७ साली अहमदनगरजवळ त्याचा अंतही झाला. डिंगलिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याच्यापुढे होती ती प्रवासवर्णने.

न पाहता घडवणे ही त्या काळाची रीतच होती. केंडलरचे मोठेपण कळायला ती रीत आधी पाहावी लागते, आणि तिचा सर्वांत मोठा नमुना गोव्याहून गेला होता. १५१४ मध्ये गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला. कित्येक शतके युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने तो पुढे पोपला नजराणा म्हणून धाडला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडात जखडलेला गेंडा बुडाला. न्युरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने एका पत्रावरून आणि कुणीतरी काढलेल्या रेखाटनावरून त्याचा लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताची पाने, पायांवर खवले आणि खांद्यावर एक जास्तीचे छोटे शिंग. खऱ्या गेंड्याला ते नसते. पुढची दोनशे वर्षे मात्र युरोपातला गेंडा हाच होता.

मायसेनमध्येही हाच पोहोचला. केंडलरच्या आधीचा शिल्पकार योहान गॉटलीप किर्शनर याने १७३१ च्या सुमारास मीटरभर लांबीचा पोर्सिलेनचा गेंडा केला तो ड्यूररच्या ठशावरून, चिलखत आणि जास्तीच्या शिंगासकट. किर्शनर कच्चा नव्हता. त्याचे हत्ती-सिंह भारदस्त आहेत. पण ते ग्रंथातल्या चित्रातून उठून आलेले, राजचिन्हावर शोभणारे प्राणी आहेत.

एवढे मोठे प्राणी हवेत कशाला, याचे उत्तर पुन्हा राजापाशीच सापडते. एल्बे नदीकाठचा एक वाडा घेऊन ऑगस्टसने तो वाढवायला काढला आणि त्याला जपानी राजवाडा हे नाव दिले. पस्तीस हजारांच्या घरात गेलेला आपला पोर्सिलेन संग्रह तिथे मांडायचा आणि वरच्या मजल्यावरचे एक लांब दालन मायसेनच्या पशुपक्ष्यांनी भरून टाकायचे, असा बेत होता. मागणी सहाशेच्या आसपास नगांची, आणि शक्य तिथे प्राण्याच्या खऱ्या आकारात.

हुकूम देणे सोपे होते. मायसेनची माती होती पेले, तबके, चहादाण्या यांसाठीची. पोर्सिलेनमध्ये केओलिन नावाची पांढरी माती असते आणि भट्टीतल्या उष्णतेत वितळून काचेसारखे होणारे खनिज असते. सुकताना आणि भाजताना हे मिश्रण साधारण सहाव्या हिश्शाने आकसते. पातळ पेला सगळीकडून सारखा आकसतो, म्हणून तो टिकतो. एका शेळीत मात्र पाय बारीक, पोट रुंद, खाली जाड बैठक. प्रत्येक भाग आपल्या वेगाने आकसणार आणि दुसऱ्याला ओढणार.

काम चालायचे ते असे. शिल्पकार आधी मूळ नमुना घडवी. त्याचे भाग पाडून प्लास्टरचे साचे घेत. साच्यांत मातीचे थर हाताने दाबून बसवत, मग पोकळ तुकडे पातळ मातीच्या लेपाने जोडत, सांधे पुसून घेत आणि केस, पिसे, डोळे पुन्हा हाताने कोरून काढत. त्यानंतर सुकवणे, मोठ्या नगांना त्यासाठी महिने लागत. मग लाकडाच्या भट्टीत भाजणी. शेवटच्या भाजणीत तापमान चौदाशे अंशांच्या आसपास जाई आणि माती मऊ पडे. स्वतःच्या वजनाने माना झुकत, पाय वाकत, बैठक तडकत असे. भाकरीच्या कडा फुटतात तशा या प्राण्यांच्या पोटांना आणि पायथ्यांना चिरा पडल्या. मोठ्या नगांसाठी मातीचे मिश्रण बदलून पाहिले गेले, तरी चिरा राहिल्याच. रंग पक्के करायला पुन्हा भट्टीत घालावे तर नग फुटण्याची भीती. म्हणून काही प्राणी पांढरेच ठेवले आणि काहींवर न भाजता तैलरंग चढवले. ते रंग पुढे पोपडे धरून उडाले आणि नंतरच्या लोकांनी उरलेलेही खरवडून काढले. आज आपण जे शुभ्र कळप पाहतो, त्यांतले कित्येक प्राणी एके काळी रंगीत होते.

या चिरा मला उणेपणा वाटत नाहीत. त्या काळात युरोपात कुणीही या मातीकडून एवढे मागितले नव्हते. माती कुठपर्यंत आली आणि कुठे थकली, हे त्या चिरांत उघड दिसते. काही चिरा त्याच वेळी भरून घेतलेल्या दिसतात.

केंडलरचा जन्म १७०६ चा, सॅक्सनीतल्या फिशबाख गावच्या एका पाद्र्याच्या घरातला. ड्रेस्डेनचा दरबारी शिल्पकार टोमे याच्या हाताखाली तो शिकला. राजाच्या रत्नभांडाराच्या सजावटीचे काम करताना ऑगस्टसची नजर त्याच्यावर पडली आणि जून १७३१ मध्ये त्याला मायसेनला धाडण्यात आले. तिथे त्याने जे केले ते ऐकायला साधे आहे. तो प्राणी बघायला गेला. मोरिट्सबुर्गच्या शिकारी महालातली राजाची प्राणिशाळा, ड्रेस्डेनमधल्या शिकारखान्याचे पिंजरे, राजसंग्रहातले पेंढा भरलेले पक्षी. सगळीकडे जाऊन त्याने रेखाटने केली. त्याच सुमारास राजाने वैद्य हेबेनस्ट्राइट याच्या हाताखाली एक तुकडी उत्तर आफ्रिकेत प्राणी आणायला पाठवली होती. पोर्सिलेनचा कळप आणि जिवंत कळप, दोन्ही एकाच हौसेपोटी जमत होते.

या बघण्यातून आलेले पक्षी आजही अंगावर येतात. सुरुवातीच्याच कामांत गरुड, बगळे, घुबड, ससाणे आहेत. मीटरहून उंच मोर आहे, टर्की आहे, मकाव पोपट आहेत. राजगिधाड हे एक काम तर मुद्दाम शोधून बघावे असे आहे. त्याची एक प्रत शिकागोच्या कला संग्रहालयात आहे. केंडलरचा पक्षी समोरून बघणाऱ्यासाठी मांडून ठेवलेला नसतो. तो काहीतरी करत असतो. पंखात चोच खुपसतो, मान मागे टाकतो, भक्ष्यावर रेलतो. त्यामुळे त्याच्याभोवती फिरावे लागते, आणि प्रत्येक बाजूने तो वेगळा दिसतो. किर्शनर १७३३ मध्ये कारखाना सोडून गेला आणि केंडलर प्रमुख शिल्पकार झाला. कारखान्यात रंगकामाचा प्रमुख हेरोल्ड याच्याशी त्याचे कायम वाजत असे. हेरोल्डला पोर्सिलेन म्हणजे चित्रासाठी गुळगुळीत पृष्ठभाग हवा होता आणि केंडलरला तो आकारांनी भरून टाकायचा होता. माझा कौल अर्थातच केंडलरला.

फेब्रुवारी १७३३ मध्ये ऑगस्टस मेला. मुलाला राजवाड्यात तेवढा रस नव्हता. मागणी पुरी झाली नाही आणि पुढे काही वर्षांत ते काम सुटले. कारखान्याची सूत्रे मंत्री काउंट ब्र्यूल याच्याकडे आली. त्याच्या मेजवान्यांसाठी केंडलरने १७३७ ते १७४२ या काळात, मदतनिसांच्या साथीने, दोन हजारांहून जास्त नगांचा ‘हंस संच’ केला. प्रत्येक ताटलीच्या तळाशी पाण्यातले हंस उठावात उमटले आहेत.

छोट्या मूर्तींची खरी चलती याच काळातली. मेजवानीच्या टेबलावर पूर्वी साखरेच्या आणि मेणाच्या आकृत्या मांडत. त्यांची जागा आता तळहातावर मावणाऱ्या पोर्सिलेनने घेतली. चपट्या तोंडाचे पग कुत्रे तर पोत्याने खपले. पोपने फ्रीमेसन या गुप्त मंडळीवर बंदी घातल्यानंतर तिच्यासारखीच एक मंडळी पगच्या नावाने निघाली होती, त्यामुळे या कुत्र्यांना वेगळीच प्रतिष्ठा आली. १७५३ मध्ये माकडांचा वाद्यवृंद आला आणि फ्रेंच दरबारातल्या मादाम द पाँपादूरने त्याच वर्षी एक संच विकत घेतला. केंडलरने आपल्या कामांच्या, कारखान्याच्या वेळेबाहेर केलेल्या नगांच्यासुद्धा, तपशीलवार नोंदी लिहून ठेवल्या. अभ्यासकांना कुठली मूर्ती कुणाच्या हातची हे आज सांगता येते ते त्यामुळे.

१७४७ साली त्याला गेंडाही पाहायला मिळाला. बंगालहून डच कप्तानाने नेलेली क्लारा नावाची गेंडी युरोपभर फिरत होती. ती त्या एप्रिलमध्ये ड्रेस्डेनला आली, आणि केंडलर तिला बघून काम करायला गेला. खांद्यावरचे ते शिंग तिच्या अंगावर नव्हते.

सगळे बेत तडीस गेले नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याला पोहोचेल असा नव्या राजाचा, म्हणजे ऑगस्टसच्या मुलाचा, अश्वारूढ पुतळा, आणि तोही पोर्सिलेनचा, हे केंडलरचे मोठे स्वप्न. छोटा नमुना झाला, राजाचा चेहरा पोर्सिलेनमध्ये उतरला, आणि १७५६ मध्ये प्रशियाचे सैन्य सॅक्सनीत शिरले. पुतळा तिथेच राहिला. केंडलर १७७५ मध्ये मायसेनलाच वारला.

आज मायसेनचे प्राणी जमवणाऱ्याला आधी तळ बघायला शिकावे लागते. निळ्या रंगातल्या, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी ही कारखान्याची १७२० च्या दशकापासूनची खूण. पण युरोपात तिच्याइतकी नक्कल क्वचितच कुठल्या खुणेची झाली असेल, म्हणून नुसत्या तलवारींवर विश्वास ठेवू नये. तलवारींवर ओरखडे असतील, तर तो नग कारखान्याने स्वतः कमी प्रतीचा ठरवलेला असतो. पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात जुन्या धाटणीच्या भरपूर मूर्ती केल्या. शिवाय खुद्द मायसेनने जुने साचे जपले आहेत आणि त्यांतून तेच प्राणी पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा काढले. तेव्हा साचा केंडलरचा असला तरी नग त्याच्या काळचा असेलच असे नाही. जाणकार आधी केस आणि पिसे बघतात. साच्यातून निघाल्यावर कोरणीने पुन्हा उघडलेली रेघ धारदार असते. उतरत्या नगांत ती बुजलेली असते. मग रंग. १७४० च्या आसपासच्या मूर्तींवर काळा, लाल, पिवळा ठसठशीत असतो आणि बराच भाग पांढरा सोडलेला असतो. गुलाबी, नाजूक छटा बहुधा नंतरच्या.

ऑगस्टसचा संग्रहही अखंड राहिला नाही. १९१९-२० मध्ये दुबार नग म्हणून बरेच काही लिलावात विकले गेले. दुसऱ्या महायुद्धात संग्रह बाहेरगावी लपवला होता. युद्धानंतर तो सोव्हिएत संघात गेला आणि १९५८ मध्ये त्याचा मोठा भाग परत आला. १९६२ पासून तो झ्विंगरमध्ये आहे. मोठे प्राणी तिथे एका लांब दालनात एकत्र उभे केले आहेत. तिथे जाणाऱ्याने किर्शनरचा गेंडा आणि केंडलरचे पक्षी एकाच फेरीत पाहावेत आणि दोघांच्या मागच्या बाजूलाही जावे. समोरून न कळणारा दोघांतला फरक तिथे चटकन दिसतो.