आधी तारण, मग टर्बो

शेतातील ट्रॅक्टर आणि रस्त्यावरील मालट्रक यांच्यामुळे ‘टर्बो’ हा शब्द मराठवाड्याला अपरिचित राहिलेला नाही. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गांधी चौकात उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाला तोच टर्बो आपल्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलीवर हवासा वाटला, तर त्यात नवल नाही. ट्रकला चालतो, मग दुचाकीला का नाही, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. त्याच्यासमोर हिशेब मांडावा लागतो.

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन पंखाचाके. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एका चाकाला फिरवतात. त्या जोरावर दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक आणि शक्तीही अधिक. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर टर्बो हे इंजिनाने उचललेले कर्ज आहे. तारण भक्कम असेल तर ते फेडले जाते, नसेल तर मूळ भांडवलच बुडते.

ट्रकचे उदाहरण येथे लागू पडत नाही, याचे कारण डिझेल इंजिनाच्या रचनेत आहे. डिझेल इंजिनात आधी केवळ हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी फवारले जाते. पेट्रोल इंजिनात मात्र हवा आणि इंधन यांचे मिश्रण एकत्रच दाबले जाते. ते फार तापले तर स्पार्क प्लगने पेटवण्याजोगा भाग संपण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. गॅरेजमध्ये यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. ते चालू राहिले तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिला खर्च उष्णतेवर करावा लागतो. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात सावलीतही पारा ४२ अंशांवर जातो. अशी हवा टर्बोने वातावरणाच्या दीडपट दाबाला नेली, तर छोट्या टर्बोच्या सर्वसाधारण कार्यक्षमतेनुसार तिचे तापमान सुमारे १०० अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब ५० टक्के वाढूनही प्रत्यक्षात हवा जेमतेम २६ टक्के अधिक मिळते. मध्ये इंटरकूलर बसवून तीच हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर वाढ ४२ टक्क्यांच्या आसपास जाते. ज्या इंजिनाला केवळ वाऱ्याने थंडावा मिळतो, त्याची सिग्नलवर उभे असताना काय अवस्था होईल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा खर्च इंजिनाच्या पोटातला. येथे जपानी कंपन्यांचा अनुभव मोलाचा आहे. होंडाने १९८२ मध्ये ‘सीएक्स ५०० टर्बो’ ही मोटारसायकल बाजारात आणली. मूळ सीएक्स ५०० ची शक्ती सुमारे ५० अश्वशक्ती होती. टर्बोसह ती ८२ झाली. पण त्यासाठी होंडाने १० च्या आसपास असलेले कॉम्प्रेशनचे प्रमाण ७.२ पर्यंत उतरवले, घडीव पिस्टन घातले, क्रँक बळकट केला आणि कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवले. टर्बो दिसत होता एक. बदलले होते जवळपास सारे इंजिन.

तिसरा खर्च इंधनाचा. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी हे प्रमाण साडेतेराच्या घरात येते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते. इथेनॉल नॉकिंगला आवर घालते, हा त्याचा गुण. पण इंजेक्टर व पंप अपुरे पडले, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि तो गुण वाया जातो. इंजेक्टर, पंप आणि संगणकीय नियंत्रकातील इंधन व ठिणगीचे गणित, या तिन्हींचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो.

चौथा खर्च तेलाचा. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. दुचाकीत मात्र जेमतेम लिटरभर तेलावर इंजिन, गिअर आणि क्लच तिघेही जगतात. त्यात चौथा वाटेकरी आला, की ऑइल पंप आणि ऑइल कूलर यांचा विचार करणे आलेच. शेवटी क्लच, चेन, टायर आणि ब्रेक. वाढलेला वेग थांबवण्याची सोय नसेल, तर वर केलेल्या सर्व खर्चाला अर्थ उरत नाही.

एवढे केल्यावर हाती काय येते? सुमारे १४ अश्वशक्तीच्या पल्सर १५० ला वरचे ४२ टक्के पुरेपूर मिळाले, तरी आकडा २० पर्यंतच जातो. कॉम्प्रेशन उतरवल्याने त्यातूनही थोडी वजावट होते. पल्सर एन २५० कारखान्यातूनच सुमारे २४ अश्वशक्ती घेऊन येते, तीही वॉरंटीसह. स्वतः होंडानेही १९८३ मध्ये पुढच्या टर्बो गाडीचे इंजिन ६५० सीसीचे केले आणि टर्बोचा दाब घटवला. शक्ती मात्र १०० अश्वशक्तीवर गेली. कर्ज कमी, भांडवल अधिक, हा मार्ग निर्मात्यालाही श्रेयस्कर वाटला.

कायद्याची बाजू तर अधिकच स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच आशयाचा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात घडला, तर विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते, ते वेगळेच. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला येणाऱ्या महामार्गावर ही जोखीम केवळ चालकाची नसते. पाठीमागे बसलेल्याची आणि समोरून येणाऱ्याचीही असते.

मग मुलाची जिज्ञासा विझवायची का? मुळीच नाही. तिला योग्य जागा आहे. ‘फॉर्म्युला भारत’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत मोटारसायकलीचेच इंजिन घेऊन छोटी शर्यतीची गाडी बांधता येते. इंजिन ७१० सीसीपर्यंतचे असावे आणि पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीची सारी हवा २० मिलिमीटरच्या एका छिद्रातून जावी, ही अट आहे. या मर्यादेत टर्बोला मुभा असते. तेथे शर्यतपट्टी बंदिस्त असते, तपासनीस असतात आणि प्रत्येक निर्णयाचे समर्थन परीक्षकांपुढे करावे लागते. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारखी, १९८१ पासूनची संस्था नांदेडकरांच्या दाराशी आहे. ज्याला टर्बोची खरी ओढ आहे, त्याने किटसाठी पैसे मागण्याआधी पिस्टन, इंधन, तेल आणि ब्रेक यांचा ताळेबंद कागदावर मांडून दाखवावा. तो मांडता आला, तर घरात अभियंता घडतो आहे असे समजावे आणि त्याच्या शिक्षणावर खुशाल खर्च करावा.